प्रवासात असलेल्यांसाठी

४ सप्टेंबर, सोमवार
समिती झाली एकदाची. आणि चिटणीस कोण? मी! चर्चच्या कचेरीत इतकी वर्षं टाइप करत बसलेल्या बाईला दुसरं काय मिळणार. नव्या पाळकबाईंचं म्हणणं — आपल्या मंडळीत माणसं आतून खचतात, आणि रविवारी इस्त्रीचे कपडे घालून ‘सगळं छान’ म्हणतात. म्हणून मागची खोली मोकळी करायची. दर बुधवारी तीन वाजता समुपदेशक बाई येणार. ज्याला बोलायचं असेल त्यानं यावं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त सुतारकाका — चर्चची बाकं यांच्याच हातची, आता सत्तरी ओलांडलेली — म्हणाले, “असल्या गोष्टींच्या समित्या नसतात करायच्या.” आणि टोपी उचलून चालू लागले. तिरसट माणूस. पहिल्यापासून असाच.

६ सप्टेंबर, बुधवार
मागची खोली उपसली. फाटकी गीतपुस्तकं, तीन पायांची खुर्ची, आणि सगळ्यात खाली, कापडात गुंडाळलेलं सायक्लोस्टाइलचं यंत्र! शनिवारी दुपारी दादा त्याचं हँडल फिरवायचा, मी एकेक पत्रक उचलून वाळत घालायची. मोजताना मुद्दाम चुकायची, म्हणजे तो आणखी फिरवेल. यंत्राच्या खडखडाटावर तो गाण्याचा खालचा सूर धरायचा आणि मला म्हणायचा, “वरचा तू घे, मला तिथं शिडी लागते.” शाई पार कोपरापर्यंत. आई दोघांनाही दारातच उभं करायची.

किती वेळ बसून राहिले कोण जाणे. झाडायचं राहूनच गेलं.

१० सप्टेंबर, रविवार
आजही तेच वाचलं. प्रार्थनेच्या यादीला तीन मथळे असतात — आजारी, शोकात असलेले, प्रवासात असलेले. शनिवारी मी टाइप करते, रविवारी मीच उभी राहून वाचते. दादाचं नाव एकतीस वर्षं तिसऱ्या मथळ्याखाली आहे.

तो प्रवासात नाही. तो मनाच्या आजाराच्या माणसांसाठीच्या आश्रयगृहात आहे, बसने पाच तासांवर.

उपासना संपल्यावर शिंपीणबाईंनी विचारलं, “जहाज कुठं आहे गं सध्या?” सुचेल ते बंदर सांगितलं. आता जीभ अडखळतही नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार
पहिला बुधवार. कुणीही आलं नाही. समुपदेशक बाई आणि मी, दोघींनी दोन-दोन कप चहा घेतला. “तुमच्याकडे कुणाला काही त्रासच नाही का?” म्हणाल्या. मी म्हटलं, “आमची माणसं गुडघ्याच्या वर आजारी पडत नाहीत.” त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार
लिहूनच टाकते. इथं कोण वाचणार आहे.

दादा पंचविशीत होता. आधी झोप गेली, मग भिंतीतून कुणी बोलतं म्हणायला लागला. बाबा त्याला दवाखान्यात ठेवून आले, शनिवारी. मी यादी टाइप करत होते. विचारलं, “आजाऱ्यांत लिहू ना?” बाबा म्हणाले, “प्रवासात लिही. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे.” लिहिलं. मीच. लोकांनी विचारलं कुठं गेला, तर आईनं जहाजावर नोकरी लावून दिली. मग जहाजाला बंदरं आली, कप्तान आला, बढतीसुद्धा झाली!

वर्षभरानं तो घरी आला. बारीक झालेला, पण शांत. रविवारी आमच्याबरोबर चर्चला आला. सगळ्यांनी गराडा घातला. समुद्र कसा असतो? उलट्या होतात का रे? आणि दादा — ज्यानं आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही — आमच्याकडे एकदा बघून सांगत बसला. लाटा अशा, कप्तान तसा. लोक पोट धरून हसले. आमची अब्रू राखली त्यानं त्या दिवशी.

पुढच्या रविवारी पांघरुणातून उठलाच नाही. महिन्यानं परत नेऊन सोडला.

अकरा वर्षांपूर्वी आई आणि मी त्याच्याकडे शेवटचं गेलो. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि “बरं, या” म्हणाला, पाहुण्यांना म्हणतात तसं. त्यानंतर आई जायला धजली नाही. मीही नाही. कपडे पाठवतो, वाढदिवसाला फोन करतो. आहोत आम्ही अशा.

२० सप्टेंबर, बुधवार
कुणी नाही. चहा एकच कप.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
पाळकबाई विचारत होत्या, लोक का येत नसतील. आणि मी सगळं सांगून बसले. यादी, जहाज, कप्तान, सगळं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग तुम्हाला काय हवंय?”

मला काय हवंय! मला त्याचं नाव आजाऱ्यांत वाचायचंय, खरं काय ते सांगून. तो जिवंत असताना. पण आईच्या शब्दाबाहेर जाऊन नाही. त्र्याऐंशीची आहे ती.

२४ सप्टेंबर, रविवार
आईला सांगितलं. हातातला घास खाली ठेवला. “मी गेल्यावर काय ते कर.” मी म्हटलं, तोवर त्यानं तसंच बसायचं का? बोलायला नको होतं तसं. ती उठून खोलीत गेली, दार लावलं.

दिवसभर अबोला. संध्याकाळी दाराआडून म्हणाली, “तेव्हाचे पाळक म्हणाले होते, आईची प्रार्थना कमी पडली. तुला काय माहीत.”

मला खरंच माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ही बाई हे गिळून बसली आहे. दार उघडून तिच्या पायाशी जाऊन बसले. दोघी रडलो.

२७ सप्टेंबर, बुधवार
कुणी नाही.

३० सप्टेंबर, शनिवार
यादी टाइप करत होते. आई मागे येऊन उभी राहिली. कागद वाचला. “वर घे त्याला,” म्हणाली. “आणि उद्या मला पुढच्या बाकावर बसव.”

१ ऑक्टोबर, रविवार
वाचलं. “आजारी” म्हटलं, दोन गुडघे आणि एक मोतीबिंदू वाचून झाले, आणि मग दादाचं नाव. म्हटलं, “हा माझा भाऊ. तो कधीच जहाजावर नव्हता. त्याला मनाचा आजार आहे. आम्ही तुमच्याशी खोटं बोललो.” आई ताठ बसून माझ्याकडे बघत होती.

नंतर दारात शिंपीणबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “पुढच्या यादीत माझ्या सुनेचं लिही. ती माहेरी नाही गेलेली.”

सुतारकाका मात्र आमच्यासमोरून निघून गेले. मान वर नाही, शब्द नाही. आईला फार लागलं. मलाही. एवढं काय घोडं मारलं होतं आम्ही त्यांचं.

४ ऑक्टोबर, बुधवार
तिघं आली! खुर्च्या कमी पडल्या, कचेरीतली माझी नेऊन दिली.

७ ऑक्टोबर, शनिवार
आई आणि मी दादाकडे जाऊन आलो. दारात आता वहीत सही करावी लागते, आम्ही यायचो तेव्हा हे नव्हतं. तिथली बाई म्हणाली, “काका नाही आले बरोबर? एकदा खिडक्या बसवायला आले होते, तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतात. एकोणीस वर्षं झाली. दोघं गात बसतात.” मला काहीच कळेना. मागची पानं उलटली. महिन्यामागून महिना, सुतारकाकांची सही. परवाच्या मंगळवारचीही. नात्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी तेच — ‘आमच्या मंडळीतला.’

दादाला विचारलं, आम्हाला कधीच का नाही सांगितलं? “मीच नको म्हटलं त्यांना,” म्हणाला. “तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं.”