ओरेस्टचा बर्फ वेबसाइटवर

८ जानेवारी, गुरुवार
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.

कर्लिंग क्लबची वेबसाइट मी करणार, असं काल कमिटीत सांगून आले. ओरेस्ट होता तोवर रिंकवरचा, म्हणजे खेळाच्या पट्टीवरचा, बर्फ तोच करायचा. त्यावर खेळातला दगड पलीकडच्या वर्तुळापर्यंत असा सरकायचा, की शेजारच्या गावचे लोक खेळायचं सोडून खाली वाकून बर्फच बघायचे. तो गेल्यापासून बर्फाची रया गेली. आता नणंदबाईंचा, म्हणजे स्टेफाचा, ठराव आहे की काम शहरातल्या कंपनीला द्यावं, ते म्हणतील त्या पद्धतीने. सख्ख्या भावाची पद्धत मोडायला निघालीय.

पंचवीस तारखेला सभेत मतदान. त्याआधी ओरेस्टची पद्धत पायरीपायरीने वेबसाइटवर दिसली की विषय संपला. असल्या माहितीच्या साइटसाठी तयार टेम्प्लेट मिळतं, तेही फुकट. वरच लिहिलंय, ‘पाच मिनिटांत सुरू’. मी दहा धरते.

९ जानेवारी
सकाळ गेली. ‘टर्मिनल उघडा’ म्हणे. उघडलं. काळी खिडकी आली आणि माझ्याकडे बघत बसली. मीही बघत बसले.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ऑगस्टा भरतकामाच्या तासाला आधी सुई दाखवायच्या, मग दोरा, मग टाका. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही कळायचं. ही पायऱ्या लिहिणारी माणसं अशा शाळेत गेलेली दिसत नाहीत.

स्टेफाचा फोन. म्हणाली, “अगं बर्नाडेट, बुधवारी लायब्ररीत कॉम्प्युटर शिकवतात, तुझ्यासारख्या म्हाताऱ्यांना.” ती माझ्याहून मोठी आहे. मला सगळं येतंय, असं सांगून फोन ठेवला.

निश्चय: कोणाला काही विचारायचं नाही.

१३ जानेवारी
लाल अक्षरं. कालही लाल, आजही लाल. सूचनेतली प्रत्येक ओळ जशीच्या तशी टाइप करते, अगदी सुरुवातीच्या डॉलरच्या खुणेसकट. फुकट म्हणायचं आणि दर ओळीपुढे डॉलर लावायचा, हे मला मुळातच आवडलं नव्हतं.

दुपारी रागाने डॉलर गाळला. लगेच चाललं. चूक त्यांचीच होती.

१६ जानेवारी
साइट उघडली. माझ्या स्क्रीनवर, मोठ्या अक्षरांत: ‘बर्फ कसा करावा. पद्धत: ओरेस्ट ह्नातिउक.’ तीनदा वाचलं. चहा निवला.

खाली सगळं लिहिलंय. पाणी कोमट करावं. डबा पाठीला लावावा. मागे मागे चालत नळी डावी-उजवीकडे फिरवावी, म्हणजे थेंब पडून बारीक दाणे गोठतात आणि दगड त्या दाण्यांवरून जातो. वाचताना तो चालताना दिसतो. लग्नात नाचतानाही तो असाच मागे मागे जायचा आणि मला ओढून न्यायचा.

शहरातल्या कंपनीने आता खुशाल यावं.

१९ जानेवारी
शेवटची पायरी. ‘बदल पाठवा.’ कुठे पाठवायचे, म्हणून दोन नावं आली. एक माझ्या खात्याचं, दुसरं टेम्प्लेट करणाऱ्यांचं. स्वतःचं नाव पुढे करणं बरं दिसत नाही. कॉन्व्हेंटमध्ये तेवढं पक्कं शिकलेय. त्यांचं निवडलं.

बटण दाबतेय तोच उत्तर: ‘स्वागत. तुमच्या पहिल्या योगदानाबद्दल मनापासून आभार.’ काय तत्परता. काय अदब. एवढ्या लवकर तर आमचे फादरही उत्तर देत नाहीत. मीही सविस्तर आभार लिहिले आणि कधी कॅनडात सस्कॅचवानला आलात तर बटाटा भरलेल्या पिरोगी खायला या म्हणून कळवलं.

त्यावर उत्तर नाही. भारावले असतील.

२५ जानेवारी, रविवार
सभा. सगळं गाव. एल्मर क्लबचा अध्यक्ष, त्याने पडदा लावला, माझ्या साइटचा पत्ता टाकला. पडद्यावर आलं: ‘इथे तुमच्या संस्थेचं नाव लिहा.’ खाली एक हसरा डायनासोर.

एल्मर म्हणाला, “बर्नी, हा ओरेस्ट का?” लोक हसले. मी म्हटलं, हॉलचं इंटरनेट जुनं आहे. मागून स्टेफा म्हणाली, “इंटरनेट जुनं असेल, पण डायनासोर त्याहून जुना गं बाई.”

मग मी उभी राहिले आणि सगळं तोंडी सांगितलं. पाणी, डबा, मागे मागे चालणं. शिवाय क्लबच्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत बर्फ मऊ पडतो, कारण पलीकडे सूपची चूल असते, म्हणून तिथे दोनदा फिरायचं. हे शहरवाल्यांना कोण सांगणार? मग हात वर करून मतदान झालं. कंपनीचा ठराव पडला. स्टेफाचा हातही शेवटी खालीच राहिला.

वेबसाइटशिवाय जिंकले. मात्र एल्मरने पुढचा ठराव मांडला की एवढं जिला माहीत आहे, तिनेच यंदाचा बर्फ करावा. टाळ्या पडल्या. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. म्हणायची गरजही नव्हती.

२७ जानेवारी
टेम्प्लेटवाल्यांकडून माणसाचं पत्र. नाव अन्सेल्म. लिहितो: ‘बाई, तुमचं पान तुमच्या साइटऐवजी आमच्या मूळ टेम्प्लेटमध्ये येऊन पडलंय. ते तसंच ठेवलं तर जगात जो कोणी नवी साइट काढेल, त्याच्याकडे आधी कर्लिंगचा बर्फ येईल. म्हणून परत करतोय. आधीचं स्वागत यंत्राने केलं होतं. पिरोगीचं आमंत्रण मात्र मी घेतो.’

ओरेस्टचा बर्फ जगात सगळीकडे गेला असता तर काय बिघडलं असतं?

३१ जानेवारी, शनिवार
दुपारी रिंकवर. मी आणि स्टेफा. परत आलेलं माझं पान तिने छापून आणलं होतं आणि ती मोठ्याने वाचत होती. पहिल्याच ओळीला थांबली. “पाणी कोमट. कोमट म्हणजे किती गं?”

मी म्हटलं, कोमट म्हणजे कोमट. तिने विचारलं, “तो बोट बुडवून बघायचा की कोपर?” आठवेना. तो पाणी तापवायचा तेव्हा मी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात असायची, कांदे चिरत. तो डबा लावून निघाला की दारात येऊन बघायची. त्याआधीचं मी कधी बघितलंच नव्हतं. स्टेफानेही नव्हतं.

शेवटी अंदाजाने घेतलं. डबा जड. मागे मागे चालताना एकदा भिंतीवर आदळले. तरी पूर्ण केलं. एल्मरने पहिला दगड सोडला. तो निम्म्यात गेला, डावीकडे वळला आणि थांबला.

ओरेस्टचंही पहिल्या वर्षी असंच झालं असणार. त्याने मला कधी सांगितलं नाही, एवढंच.