आपली म्हणजे कोणाची?

शनिवार संध्याकाळ, डब्लिन, ओहायो

डोकं अजून तापलेलंच आहे. आज आमच्या प्रज्ञाची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच होती. ती बचावाला खेळते, पण मागे थांबेल तर शपथ! या खेळात बॉल हातात घेऊन पळता येतं, त्यामुळे तो मिळाला की दोघी-तिघींना चुकवत थेट समोरच्या गोलकडे पळत सुटते. सगळे तिच्या नावानं ओरडत होते. शेजारी बसलेल्या, आजच ओळख झालेल्या पुण्याच्या काकू तर खुर्चीतून उठून भेटेल त्याला सांगत होत्या, "आपली मुलगी आहे, आपली!" मलाही किती बरं वाटलं.

मॅच संपल्यावर काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाघीण आहेस गं! आडनाव काय तुझं?"

"मेश्राम."

हात खाली आला. "अच्छा, नागपूरकडचे," म्हणत त्या पर्स शोधायला लागल्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती!

कुणी म्हणेल, तुझा गैरसमज झाला असेल. गैरसमज कसला? तो हात कसा खाली येतो, ते मी लहानपणापासून पाहतेय. पण इथे? माझ्या मुलीच्या खांद्यावरून?

गाडीत बसताच प्रज्ञानं विचारलं, "आई, व्हॉट जस्ट हॅपन्ड?" मी जातीचं सगळं सांगून टाकलं. ती दार उघडून सरळ काकूंच्या गाडीपाशी गेली. मी मागे धावले.

"काकू, यू सेड आपली. आपली म्हणजे कोणाची?"

"अगं, आम्हाला उशीर होतोय," म्हणत काकूंनी डिकी आपटली.

परतताना प्रज्ञा रडली. मला रडू येत नाहीये. नुसता संताप होतोय.