चौथ्या टाकीतले जिवंत भुंगे

दिनांक १७ मे २०२५, शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. चौथ्या टाकीतले भुंगे मोजत होतो; दोनशे बारा भरले. हात पुसून हे लिहायला घेतले.

मी, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, तलाव कार्यालयात भुंगे वाढवणारा रोजंदारी कामगार, डोके ठिकाणावर असताना व कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र करतो. सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अरे, हर्निया आहे, लढाई नाही." हसू देत. त्याच सोमवारी साहेब टाक्या रिकाम्या करून तलावावर तणनाशक फवारणार आहेत, आणि मी भूल घेऊन पडलेला असेन.

एक. सायकल व बँकेतली शिल्लक आईला. ताईने वाटा मागू नये. माझा रेडिओ तिने आधीच नेला आहे.

दोन. साहेबांना माझा थर्मामीटर. भुंगे जलपर्णी खातात एवढे त्यांना पाठ आहे. पण आता फेब्रुवारीतच पाणी तापते, जलपर्णी तेव्हाच फोफावते, म्हणून भुंगेही तेव्हाच सोडा, असे मी सांगितले तर म्हणाले, "वीस वर्षं पंधरा एप्रिललाच सोडतोय. तू कोण मोठा लागून गेलास?" गेल्या वर्षी त्या तारखेला पाहुणे उशिरा आले, भाषणे झाली, भर दुपारी एक वाजता डबे उघडले. भुंगे भाजून निघाले. अहवालात काय, तर "भुंगे निकामी". निकामी भुंगे नव्हते!

तीन. त्या संध्याकाळी नावाडीकाका व मी पानांखालून जगलेले एकोणीस वेचले. टाकीतली ही त्यांचीच पिल्लावळ, ऊन सोसणारी. साहेब म्हणतात, सरकारी माल आहे. पण साठावहीत त्यांच्याच सहीने "सर्व भुंगे मृत" अशी नोंद आहे. मग जिवंत आहेत ते माझे. टाकीही माझी, पावती जोडली आहे. हे सर्व नावाडीकाकांना देतो. फेब्रुवारीत, पहाटे, भाषणाविना सोडावेत.

ताई म्हणते, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. काकांना विचारले, तर म्हणाले, "तुझ्या मरणाची वाट बघत बसू? उद्या पहाटे होडी लावतो, टाकी उचलायला ये." तरी हे कलम उद्या पहाटेपासून लागू समजावे.

साक्षीदार: आमचे डॉक्टर (सही). कोपऱ्यावरचा बर्फवाला (सही). आईने "अभद्र कुठला" म्हणून कागद परत केला.

ठिकाण: भुंग्यांची शेड. सही.

हिशेब: टाक्या गार ठेवायला दोन उन्हाळे पदरचा बर्फ, रुपये २,३४०. पैकी बर्फवाल्याचे देणे, रुपये १८०; आईने द्यावेत. कार्यालयाकडून मिळाले, शून्य. येणे, रुपये २,३४०. शुद्धीवर आलो तर स्वतः मागेन.