कृष्णाबाईच्या नावावर जाहिरात नाही

देवबाग,
१० जुलै २००९

चि. लवूस,
वैनीचे आशीर्वाद. सुगंधाला आणि पोरांना विचारलंय म्हणून सांग. इकडे सगळं ठीक. ते तुला ठाऊकच आहे, कारण तुझ्या पडवीतून आमची चूल दिसते.

हे पत्र मी मालवणच्या पोस्टात टाकणार आहे. म्हणजे आधी ते एसटीने मालवणला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि पुन्हा देवबागला येईल, मधला एक दगडी गडगा ओलांडायला. शिमग्यापासून आपलं बोलणं बंद आहे, त्यातून पोस्टखात्याचं तरी भलं होऊ दे.

पाऊस नेहमीचाच. तुझा दादा बरा आहे. रोज संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात उभा राहतो, गडग्यापलीकडे बघतो आणि म्हणतो, "माड बरे धरलेत." तुझे माड. भावाची चौकशी म्हणायची ती एवढीच. तुम्हा दोघांना बोलतं करायला देवानेच यायला हवं, आणि देवाचीच मी वाटणी करायला निघाले होते. त्याकडे येते. जरा वेळ लागेल.

वर्षाली पुण्यात काय करते ते तुला नीट माहीत नसेल. मलाही नव्हतं. इंटरनेटवर जाहिराती लावायच्या कंपनीत आहे. लोक गुगलमध्ये जे शब्द टाकतात, त्या शब्दांवर पैसे लावायचे, की आपली जाहिरात बाजूला उभी राहते. आणि पैसे लावायच्या आधी बघायचं, की शेजारचा कुठल्या शब्दांवर बसलाय. पोरीला मी म्हटलं, "गो, ह्या काम तुझी आजी पाण्याच्या बावडेर फुकट करी होती."

तर तुझी चौकशी करायला मी मालवणच्या सायबर कॅफेत गेले. गेले म्हणजे चांगली आठवडाभर जात होते. वर्षाली फोनवर सांगायची, मी एका बोटाने टाइप करायची. 'देवबाग रूम' टाकलं, तू हजर. 'देवबाग मासे जेवण' टाकलं, तू हजर. 'देवबाग डॉल्फिन' टाकलं, तिथेही तू, जसे काही डॉल्फिन तुझ्या गोठ्यात बांधलेत. शेवटी वर्षाली म्हणाली, "आई, 'वेस्टर्न टॉयलेट' टाकून बघ." टाकलं. सगळ्यात वर विठोबा होमस्टे, देवबाग. कमोड आहे.

लवू, मी त्या खुर्चीत मागे टेकले. आमच्याकडे वर्षानुवर्षं उतरणारे ते कोल्हापूरचे काका यंदा तुझ्याकडे गेले, त्यावरून शिमग्याला मी अख्ख्या वाडीसमोर तुला पाहुणेचोर म्हटलं. काकांचे गुडघे गेलेत. त्यांना माझ्या सुंगटांच्या कालवणापेक्षा बसायची सोय हवी होती. माणसाचं मन कशात अडकेल सांगता येत नाही, गुडघ्यांचं येतं.

सासऱ्यांचं नाव संडासाशेजारी छापलंस ते मात्र मला आवडलेलं नाही. वाटणीत तू मूळ घर घेतलंस, आणि पाटीवर बाप. आम्हाला नवी जागा आली, आणि आई. आईचं नाव आम्ही बरं सांभाळलंय. आमच्याकडे कमोडच नाही.

मग मी शेजाऱ्यांची नावं टाकायला लागले. भाईच्या होमस्टेचं नाव टाकलं, बाजूला तुझी जाहिरात. सावित्रीच्या खोल्या टाकल्या, तुझी जाहिरात. म्हणजे तू काही साधुसंत नाहीस. मी दात आवळून 'कृष्णाबाई निवास देवबाग' टाकलं.

काही नाही. बाजूची जागा पांढरीफटक.

मला वाटलं, कॅफेवाल्याची लाइन गेली. पुन्हा टाकलं. तेच. वर्षालीने पुण्यातून बघितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "आई, लवूकाकाने 'देवबाग' शब्दच धरलाय. तो शब्द कुठेही आला की त्याची जाहिरात यायलाच हवी. आपल्या नावावर येत नाही म्हणजे त्याने आपलं नाव वगळून ठेवलंय. तशी सोय असते. पण ती मुद्दाम करावी लागते, आपोआप होत नाही."

मी फोन ठेवला. शिमग्याला मी बोलून दमल्यावर तू एवढंच म्हणाला होतास, "वैनी, तुमची रापण पाण्यात आसताना मी थंय जाळां टाकूचंय नाय." मला वाटलं, टोमणा मारतोयस. सासरे रापण लावायचे. सारी वाडी किनाऱ्यावरून दोर ओढायची, आणि एकाचं जाळं पाण्यात असेल तर दुसरा त्याच्या पुढ्यात होडी घालायचा नाही, समोर बांगड्याचा केवढाही थवा फिरू दे. आता रापणीला माणसं मिळत नाहीत. तो नेम तू कॉम्प्युटरवर पाळत बसशील, हे माझ्या डोक्यात कुठून यायचं?

आता जे टाळत होते ते लिहिते. हे कळायच्या आधी तुझ्या नावावर जाहिरात मी लावली होती. वर्षाली नको म्हणत होती, मी हट्टाने लावायला लावली. 'विठोबा होमस्टे' टाकलं की वर आमचं नाव, 'घरगुती जेवण, आईच्या हातचं'. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, तरी मी त्यांना रांधायला बसवलं. ती जाहिरात आता काढलीय. वर्षाली म्हणते, तेवढ्या दिवसांत तिच्यावर दोनच क्लिक पडले, दोन्ही मालवणातून. एक माझा. नीट लागलीय का ते बघायला.

दुसरा कोणाचा, ते मी विचारत नाही. पण तुझा असेल, तर तू बघितलंस, आणि तरीही आमचं नाव वगळलेलंच ठेवलंस. ह्यावर मला काही खोचक सुचत नाही, आणि मला न सुचणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

राहिला गणपती. शिमग्यानंतर मी ठरवलं होतं, यंदापासून आमचा वेगळा. फणसाचा नवा पाट करून घेतला आणि महादूच्या गणपतीच्या शाळेत, त्यावर मूर्ती घडवायला, ठेवून आले. तुझ्या दादाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. ताटावरून उठला नाही, पण पुढचा घासही घेतला नाही. त्या दिवसापासून मलाही झोप नीट नव्हती. हे आज लिहितेय, काल विचारलं असतंस तर डासांवर ढकललं असतं.

आज सकाळी जाऊन पाट परत आणला. महादू खेकसला, "गो यशोदा, तुझ्यासाठी माती भिजवन ठेवलंय. आता तिचे उंदीर करू काय?" म्हटलं, कर. एसटीत पाट मांडीवर घेऊन बसले होते. वजनाला चांगला आहे, पण येताना जड लागला नाही.

तेव्हा गणपती मूळ घरात, तुझ्याच ओटीवर, नेहमीसारखा. मोदक मी करणार. सुगंधाचे फुटतात.

आणि श्रावण लागायच्या आत एकदा जेवायला ये. खाडीची सुंगटं मिळतायत. श्रावणात आलास तर लाल भोपळा वाढीन. येताना रस्त्याने येऊ नकोस, गडग्यावरून ये, तुझ्या दादाला दिसशील. नवा पाट पुसून ठेवलाय. त्यावर देव बसलेला नाही, तेव्हा दीर बसला तरी चालेल.

वाट बघणारी,
तुझी वैनी