गाऱ्हाण्यात नाव कोणाचं

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज टेम्पोवरच्या बार्बेक्यूचा नारळ फोडला. पिंप कापून शेगडी मी करून घेतली, करवंट्यांचा कोळसा मी पाडला, मसाला माझा. टेम्पो हे चालवणार, ते कबूल. पण आगीपुढे कोण उभं राहणार?

थोरले भावजी देवाला गाऱ्हाणं घालायला लागले. "आमच्या बाबल्यान ह्यो धंदो सुरू केलो हा, तेका यश दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." बाबल्या म्हणजे हेच, तर हे स्वतःसुद्धा म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, माझा नाव घ्या."

"बायलमाणसांची नावा गाऱ्हाण्यात घेनत नाय गो."

उपास करायला बाई चालते, नवस फेडायला चालते. नाव तेवढं चालत नाही? आणि हे टायरकडे बघत उभे, जसा काय टायर कधी बघितलाच नव्हता.

वर भावजी खुर्चीत बसून म्हणतात, "पयलो बांगडो माका दी."

मी चिमटा ह्यांच्या हातात दिला. "मालक भाजतले." आणि पायरीवर जाऊन बसले. ह्यांनी जाळीला तेलच लावलं नाही. बांगडा चिकटला, फाटला. गिऱ्हाईक ताटकळलं, तरी मी उठले नाही. नाव म्हणजे नाव.

शेवटी भावजी परत उभे राहिले आणि तोंड वाकडं करून देवाला माझं नाव सांगितलं. "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने म्हणाले ते आमचे हे.

मग मी उठून जाळी खरवडली, तेल लावलं. पहिला बांगडा गिऱ्हाइकाला दिला. भावजींना शेवटचा.