वीर खाली ठेवायचा नसतो

१ मार्च, शनिवार

दुपारी एकला पंचवटीतल्या नव्या बिऱ्हाडी सामान येऊन पडलं. बिऱ्हाड म्हणजे ललिताबाईंच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, एक गच्ची, आणि गच्चीवरून दिसणारी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. एजंटने तिलाच 'व्ह्यू' म्हणून खपवलं. गोदावरी इथून चालत बारा मिनिटं. पण तिला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. भाजीला निघालेला माणूसही गंगेवर जाऊन येतो असं सांगतो, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला वाटतं की हा आता काशीलाच चालला.

माझा रविवारचा स्तंभ बंद झाला, हे एकदा लिहून टाकू. एकवीस वर्षं मी लोकांची टिंगल केली. अलीकडे वाचक कशावरही चिडतात, आणि संपादक त्यांच्याही आधी घाबरतात. तेव्हा म्हटलं, स्वस्त गावात राहावं, पुस्तक लिहावं. लेक पूजा पुण्यात होस्टेलवर आहे. तिच्या मते मी पुस्तक लिहिणार नाही, मिसळ खाऊन जाड होईन.

ललिताबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मला पहिल्याच भेटीत किशोरभाऊ म्हणाल्या. वरची खोली त्यांच्या मुलाची, सुयशची. दोन वर्षांपूर्वी वणीहून मोटरसायकलवर परत येताना गेला. बावीस वर्षांचा होता, लग्न व्हायचं होतं. रस्त्याकडेला पाणी मागत होता म्हणे. त्यांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

३ मार्च, सोमवार

टेबल सुयशचंच आहे, खुर्ची उत्तम. वायफायचं नावही अजून 'सुयश'. बसल्या बसल्या पंधरा वर्षांनी 'सीमारण' उघडला. हा आमच्या जवानीतला ऑनलाइन युद्धखेळ: दोन खेळाडू, दोन किल्ले, पाऊण तासाचा सामना. एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. मध्येच उठलात तर हरलात. आमच्या लग्नाचं बरंचसं नुकसान याच नियमाने केलं.

पूर्वी मी घोडदळाचा सरदार होतो. अंगावर जायचं, जाळायचं, पळायचं. स्तंभही तसाच लिहायचो. पण आता खेळ पार बदललाय. माझी घोडी पहिल्या पाच मिनिटांत एका तेरा वर्षांच्या वाटणाऱ्या प्राण्याने कापून काढली. सलग चारदा.

पूजाशी बोललो. तिने हसून घेतलं आणि सांगितलं की कुणीच घेत नाही असा एक पक्ष आहे, तो घ्या, समोरच्याला त्याची सवय नसते. मराठीत त्यांना पहारेकरी म्हणू. हे लोक हल्ला करत नाहीत. वेशीत एक नाईक उभा करायचा, सगळ्या फौजेला बळ त्याच्याकडून मिळतं. तो जागचा हलला की सगळं कोसळतं. कोपऱ्यात 'पहारा बदला' असं एक बटण आहे, कायम करडं, दाबलं जात नाही.

नाईकाला नाव द्यावंच लागतं. ओळखीतल्या जिवंत माणसाचं दिलं तर खटला व्हायचा. समोर वायफायचं नाव दिसत होतं, तेच टाकलं.

७ मार्च, शुक्रवार

जिंकतोय! अकरापैकी नऊ. या वयात नुसतं उभं राहून जिंकता येतं हे कळायला पन्नाशी यावी लागली. पूजाने आपलं आणि माझं एकच कौटुंबिक खातं केलंय, दोघांची नावं त्यात. ती रंगपंचमीला येणार. अठराची बस, दुपारी तीनला पोचेल. इथल्या रहाडी तिला बघायच्यात. रंगाच्या हौदात उडी मारून माणसं शुद्धीवर कशी राहतात, हे मलाही बघायचंय.

ललिताबाई पुरणाचं ताट घेऊन वर आल्या. त्यांच्या घरात लग्नाआधी गेलेला मुलगा वीर होतो. त्याचा चांदीचा टाक करतात, आणि धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत, लाल कापडात ठेवून, वाजतगाजत गंगेवर नेऊन आंघोळ घालतात. गेल्या वर्षी त्यांच्या भावाने, कळवणच्या निवृत्तीमामाने नेला. यंदा मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरात दुसरा पुरुष नाही. नेईन का, असं त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो, अगदी सहज. सोसायटीच्या मीटिंगला हो म्हणावं तसं.

एकच अट त्यांनी दोनदा सांगितली. "एकदा हातात घेतला की खाली ठेवायचा नसतो, भाऊ. गंगेत न्हाऊन परत देव्हाऱ्यात येईपर्यंत."

१३ मार्च, गुरुवार, होळी

गल्लीत होळी पेटली. समोरच्या कारभारींनी ढोलवाल्यांना सांगून ठेवलंय. उद्या बाराला त्यांच्या घरचे वीर निघतील, मी त्यांच्या मागून चालायचं. ललिताबाई जावेबरोबर रिक्षाने आधीच घाटावर जाऊन थांबतील.

मी खेळाच्या यादीत वरच्या शंभरांत आलोय. उद्याची दुपार रिकामी ठेवली आहे.

१४ मार्च, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. विनोद नंतर घालता येतील.

पावणेबाराला ललिताबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. टाक अंगठ्याएवढा, हातात भाला धरलेला माणूस. चांदी असून उबदार लागला. बाई रिक्षात बसल्या. मी चप्पल घालायला वर आलो, तर पडद्यावर बढतीच्या सामन्याचं बोलावणं. एका मिनिटात स्वीकारा, नाहीतर महिनाभर पुन्हा नाही. ढोल अजून कोपऱ्यावर होते. म्हटलं, पहारेकरी घेऊन दहा मिनिटांत उरकतो. आणि एका हाताने काही माऊस आणि कीबोर्ड दोन्ही चालत नाहीत.

वाटी कीबोर्डशेजारी ठेवली.

ढोल खालून गेले. कारभारींनी दोन हाका मारल्या. सामना सत्तेचाळीस मिनिटं चालला आणि मी जिंकलो. उठलो तेव्हा गल्लीत फक्त गुलाल होता.

मग जे केलं ते असं. वाटी न्हाणीघरात नेली, टाक नळाखाली धरला, लाल कापड ओलं केलं. नाशिकच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि धरण गोदावरीवर आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गंगाच. या युक्तिवादावर पूर्वी मी अख्खा स्तंभ लिहिला असता.

ललिताबाई दोनला आल्या. घाटावर तासभर शोधलं म्हणाल्या. मी सांगितलं की गर्दीत पलीकडच्या काठाला ढकलला गेलो, तिथेच न्हाऊ घातला. त्यांनी ओलं कापड डोळ्यांना लावलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

१५ मार्च, शनिवार

वेशीत नाईक नाही.

खेळ चालू होतो, फौज उभी असते, वेस रिकामी. तरी मी हरत नाही. समोरचे खेळाडू वेशीपर्यंत येतात आणि सामना सोडून जातात. एकाने जाताना लिहिलं की तुझ्या त्या माणसाने माझ्याकडे बघू नये असं कर. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस नाहीये. तो म्हणाला, आहे.

नाईकाच्या रकान्यात नाव अजून आहे. सुयश. खाली एकच शब्द आलाय, आधी कधी पाहिला नव्हता: तहानलेला.

'पहारा बदला' हे बटण आता करडं नाही.

आज उकाडा फार. माठ दोनदा भरला.

१६ मार्च, रविवार

चार तांबे प्यालो. जीभ चामड्यासारखी. पाणी घशापर्यंत ओलं लागतं, पुढे लागत नाही.

सकाळी दहाला लख्ख उन्हात खेळ काढून टाकला. साडेदहाला तो पडद्यावर होता. या खेळात सगळं वरून दिसतं, माणसांची फक्त डोकी. वेशीत आज डोकं नव्हतं, चेहरा होता. कुणीतरी मान पूर्ण मागे टाकून वर बघत होतं. वर म्हणजे — जिथे मी बसतो.

तोंड उघडं होतं. ओठ फुटलेले.

दुपारी पूजाचा फोन. खुशीत होती. कालपासून तीही पहारेकरीच खेळतेय. तुमच्या सुयशने आमंत्रण पाठवलं म्हणाली, तिला वाटलं ते मीच पाठवलं. चार सामने जिंकले. मग सहज म्हणाली की होस्टेलच्या पाण्यात काहीतरी आहे, कालपासून बाटल्यांवर बाटल्या पितेय, घशाची कोरड जात नाही.

मी ओरडलो. खेळू नकोस म्हणालो. तिने विचारलं, बाबा, हरायला लागलात का?

१७ मार्च, सोमवार

बटणाखाली ओळ आली आहे. 'नवा नाईक: पूजा. १८ मार्च, दुपारी ३.' — त्या वेळी ती या दारात उभी असेल.

खाली जाऊन ललिताबाईंना सगळं सांगितलं. सामना, वाटी, नळ. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं बाजूला ठेवून त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. मला शिव्या हव्या होत्या.

देव्हाऱ्यातून टाक घेतला, हातातून न सोडता गंगेवर गेलो. रामकुंडावर भर दुपारी बायका कपडे धूत होत्या, पोरं उड्या मारत होती. गुडघाभर पाण्यात उभं राहून टाक बुडवला. वर काढला तर कापड कोरडं. तीनदा. चौथ्यांदा एक बाई हसायची थांबली आणि तिने पोरांना पाण्याबाहेर बोलावलं.

परत आलो. ललिताबाईंनी टाक तळहातावर तोलला. आई मूल तोलते तसा.

"हा हलका लागतोय. ह्यात तो नाही, भाऊ. तुम्ही त्याला ठेवलं कुठे?"

कुठे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या माझ्यामागून जिना चढून आल्या, आयुष्यात पहिल्यांदा पडद्यासमोर बसल्या. तो वर बघत होता. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, ओठांवर. मग पदराने काच पुसली.

म्हणाल्या, उभं राहायला सांगितलं की कुणी येईपर्यंत उभा राहायचा, लहानपणापासून तसाच.

१८ मार्च, सकाळ

पूजाला अकरा फोन. उचलत नाही. एकच मेसेज, 'बसमध्ये. लॅपटॉप आणलाय. बोलवत नाही, घसा बसलाय.'

वीज बंद केली. पडदा चालूच. वायर काढली. चालूच.

ललिताबाई म्हणतात निघून जा. मी गेलो तर ती येईल, खोली रिकामी, खुर्ची उत्तम —

१८ मार्च, दुपारी १.४०

त्या ओळीतलं नाव खोडता येतं. आत्ता कळलं. पूजा पुसलं की जागा रिकामी होते, पण रिकामी राहू देत नाही, पुन्हा पूजा येतं. दुसरं नाव हवं. खात्यात दोनच आहेत.

दुसरं टाकलं. राहिलं.

आता फक्त दाबायचं.

२.२०

ललिताबाईंशी ठरलं. मी दाबलं की त्या टाक तोलून बघणार. जड लागला तर लगेच निघायचं, रिक्षाने नाही, चालत. त्या स्वतः नेणार. बायका नेत नाहीत म्हणे. मी म्हटलं, पुरुषाने नेला त्याचं काय झालं ते बघितलंत. त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२.३५

दाबलं.

तो वेशीतून बाजूला झाला. मान खाली केली. पोरगा आहे हो अगदी. मिसरूड — 

खालून ललिताबाईंचा आवाज. एकच शब्द. जड.

गेल्या. फाटक वाजलं.

२.४५

तहान. पेनातली शाई बघूनसुद्धा —

पाय टेबलाखाली दिसत नाहीत. वरून सगळं दिसतंय, गल्ली, टाकी, कारभारींचं छप्पर. सगळ्यांची फक्त डोकी.

२.५२

फोन. पूजा. आवाज मोकळा. बस इथल्या द्वारका चौकात पोचली, घसा एकदम बरा वाटतोय, रिक्षा करून येते म्हणाली. मी हं म्हणालो. तेवढंच निघालं.

२.५८

पूजा, ही वही खाली जिन्यात टाकतोय. वर येऊ नकोस. कॉम्प्युटरला हात लावू नकोस, पाणी घेऊन तर मुळीच येऊ नकोस, तू आणलंस तर मी घेईन, आणि मी जागचा हललो की पुढचं नाव तुझं. माझं नाव कशालाही देऊ नकोस. ललिताबाई गंगेवरून येतील, त्यांच्याबरोबर जेव. पुरणपोळी करतात, तूप जास्त मागून घे.

फाटक वाजतंय. तुझं डोकं दिसतंय, भांग वाकडा पाडलायस.

मी वर बघणार नाही. एवढं मी करू शकतो. आणि तुझ्या आईला सांग, याने आयुष्यात एक गोष्ट हातात घेतली आणि शेवटपर्यंत खाली ठे