फेब्रुवारी की ऑगस्ट

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच! दादाचा फोन, पाऊण तास, आणि निष्पन्न काय, तर आफ्रिकेला जंगल बघायला कधी जायचं ते अजून ठरायचंय. आज जुलै बरा की सप्टेंबर, यावर खल. बाबा फोन स्पीकरवर टाकून खुर्चीत पाय हलवत बसलेले, चेहरा असा की उद्याच निघायचंय.

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, एकदाचं काय ते ठरवा ना!" तर दादा तिकडून म्हणतो, "तडतडी तडतडली वाटतं." हे माझं लहानपणचं नाव. सत्तेचाळीस वर्षांची झाले तरी सुटत नाही. बाबा हसले. हसताना खोकला आला. हल्ली हसू आणि खोकला जोडीनंच येतात.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हे इथे लिहून ठेवते, कारण या घरात ते फक्त मलाच ठाऊक आहे असं दिसतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादानं तक्ता पाठवलाय. बारा महिने, त्यापुढे रकाने – पाऊस, गवताची उंची, डास, गर्दी, जनावरं दिसण्याची शक्यता. जून ते ऑक्टोबर हिरवा रंग, म्हणजे उत्तम. कोरडा हंगाम. झुडपांची पानं झडलेली, गवत खुरटं, डबकी आटलेली, त्यामुळे सगळी जनावरं उरल्यासुरल्या पाण्यावर गोळा होतात. मार्च ते मे लाल – धो धो पाऊस, गाड्या चिखलात रुततात. बाकीचे महिने पिवळे, "बेभरवशाचे". फेब्रुवारीसुद्धा पिवळाच.

दादा वीस वर्षं हवामान खात्यात आहे, आणि छत्री न्यायची की नाही हे अजून वहिनीला विचारतो. तो सांगणार हजारो मैलांवरचा पाऊस!

बाबांनी तक्ता माझ्याकडून छापून आणवला आणि फ्रिजवर लावला. फेब्रुवारीभोवती पेन्सिलीनं गोल केलाय. ऑगस्टभोवतीही केलाय. दोन गोल कशाला, विचारलं. म्हणाले, "वाद घालायला दोन बाजू लागतात." यांना गंमत सुचतेय.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना फेब्रुवारी हवाय, दादाला ऑगस्ट. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात. ती दाढीवाली जनावरं, दिसायला बैल पण जातीनं हरणांच्या भाऊबंदातली. पाण्यात मगरी टपलेल्या असतात. "जगात बघण्यासारखं तेवढंच आहे," इति दादा. फेब्रुवारीत तेच कळप माळावर व्यायला जमतात. पिल्लं जन्मतात आणि पाच-दहा मिनिटांत उभी राहतात. बस, एवढंच. मगरी नाहीत.

बाबांना फेब्रुवारी का हवाय, हे दादाला माहीत नाही असं नाही. चौतीस वर्षं बाबांनी संग्रहालयात मेलेल्या जनावरांत पेंढा भरला. चार सिंह हाताखालून गेले, जिवंत एकही पाहिला नाही. त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं काचेचं दालन. आफ्रिकेचं माळरान. एक सिंहीण, तीन झेब्रे, विल्डबीस्टची मादी आणि तिच्या पायाशी नुकतं जन्मलेलं ओलं पिल्लू. ते ओलेपण आणायला बाबांनी महिनाभर वेगवेगळी वार्निशं लावून बघितली होती. मागचा पडदाही त्यांनीच रंगवला, कारण चित्रकार भांडून निघून गेला होता. आणि गवत – वाळकं, पिवळं, मूठमूठ रंगवून चिकटवलेलं.

दालन उघडून आठवडा झाला नाही तोच कुणा पाहुण्यानं अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, की पिल्लू पावसानंतरचं आहे आणि गवत दुष्काळातलं. एका काचेत दोन ऋतू. बाबांनी पुस्तकं धुंडाळली. खरं होतं. पिल्लं येतात तेव्हा माळ हिरवा असतो. साहेबांकडे गवत बदलायची परवानगी मागितली, तर साहेब म्हणाले, "कोण बघतंय?"

झालं. बावीस वर्षं ते तसंच आहे. निवृत्त होईपर्यंत बाबा दुसऱ्या मजल्यावर मागच्या जिन्यानं जायचे, त्या काचेसमोरून जावं लागू नये म्हणून. त्या माणसाला एकदा ते हिरवं गवत डोळ्यांनी बघायचंय. आणि दादा त्यांना मगरी दाखवायला निघालाय. डोकं फिरतं माझं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज रागवण्यासारखं काही झालं नाही. तरी रागावले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कहर झाला. दादा आपणहून म्हणाला, "बरं, फेब्रुवारी तर फेब्रुवारी." मी गॅस बंद करून बाहेर आले. म्हटलं, सुटलो. तर बाबा काय म्हणतात? "पण फेब्रुवारीत अवेळी पाऊस आला म्हणजे?" आणि दादा लगेच, "तेही खरंच. थांबा, मागच्या दहा वर्षांचे आकडे बघतो." पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा लांबलं! बाबांच्या डोक्यात हा किडा सोडला कुणी? तक्त्यानंच ना?

फोन हिसकावून गॅलरीत गेले. दादाला म्हटलं, तुझं तिथे बसून काय जातं? औषधं कोण देतं, जिने कोण चढवतं? सप्टेंबरमध्ये आठ दिवस आलास, एकदा तपासणीला नेऊन आणलंस, आणि जन्माची सेवा केल्यासारखा परत गेलास.

"तुला काय वाटतं, मला त्यांना न्यायचं नाहीये?"

"मग ने ना!"

मागून वहिनीचा आवाज आला, "राहू दे ना आता." बहीणभावाच्या भांडणात वहिनीला पडायचं काय कारण? मी फोन ठेवला. आत आले तर बाबा विचारतात, "आकड्यांचं काय म्हणाला?"

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर एका बाईंच्या पुढच्या दोन दातांचा रंग जुळवत बसले. आमच्या लॅबमध्ये दातांच्या रंगाच्या सोळा छटा टांगलेल्या आहेत, आणि त्या बाईंचा दात बरोबर सतराव्या छटेचा. तिसऱ्यांदा करून दिला. शेजारची म्हणाली, "जाऊ दे गं, कोण बघतंय?" तिच्यावर अशी खेकसले की ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली. संध्याकाळी माफी मागितली. अर्धीच.

मालकांकडे फेब्रुवारीत पंधरा दिवसांची रजा मागितली. तर म्हणे, फेब्रुवारीत कवळ्यांचं काम फार असतं. दातांनाही हंगाम असतो, हे आज कळलं. म्हटलं, रजा द्या नाही तर राजीनामा घ्या. देतो म्हणाले, तोंड वाकडं करून.

घरी आले तेव्हा बाबा खालीच भेटले, पेपर घेऊन. जिन्याला सोळा पायऱ्या. उन्हाळ्यात एकदा थांबायचे, पावसाळ्यात दोनदा. आज चारदा थांबले, आणि दर वेळी काहीतरी बोलायचं निमित्त काढलं, म्हणजे दम लागलाय हे मला कळू नये. संग्रहालयात कातड्यांना चोळायच्या पावडरींची इतक्या वर्षांची धूळ छातीत बसलीय. हा माझा तक्ता. त्यात पाऊस-बिऊस काही नाही, फक्त पायऱ्या आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आता जून निघाला. जून!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. गेले ट्रॅव्हल कंपनीत. वातानुकूलित खोली, भिंतीवर जिराफ, आणि टाय लावलेला एक पोरगेला माणूस. त्याला विचारलं, सगळ्यात चांगला सीझन कोणता? म्हणाला, "मॅडम, आफ्रिकेत वाईट सीझन नसतोच. फेब्रुवारीत पिल्लं, त्यांच्या मागे चित्ते, सगळा माळ हिरवा, गर्दी कमी. मला विचाराल तर फेब्रुवारीच." अस्सं वाटलं त्याला उठून शाबासकी द्यावी. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर एक जोडपं येऊन बसलं, त्यांना ऑगस्ट हवा होता. त्यांना म्हणतो, "मला विचाराल तर ऑगस्टच." सरड्याला लाजवील असा माणूस.

पण नावं नोंदवून आले. दोघांची, बाबा आणि मी. नऊ फेब्रुवारी. दादाला यायचं असेल तर येईल, नाही तर बसेल आकडे बघत. पंच्याहत्तरीच्या पुढे डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, विमानप्रवासाला हरकत नाही म्हणून. "फॉर्मॅलिटी आहे," म्हणाला.

अजून कुणाला सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी सांगितलं. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

वाटलं होतं उडी मारतील. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद वाचला. मग, "कुणाला विचारून?" आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही त्या माणसानं. आजही चढवला नाही, पण जरा जास्तच हळू बोलले, आणि ते मला जास्त लागलं. मग म्हणाले, "रद्द होतं का गं हे?"

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! महिनोन् महिने फेब्रुवारी फेब्रुवारी, आणि फेब्रुवारी समोर आणून ठेवला तर रद्द होतो का. मी बोलले. खूप बोलले. म्हटलं, तुम्हाला जायचंच नाहीये, तुम्हाला नुसत्या गप्पा मारायच्यात त्या शहाण्याशी. त्याला विचारल्याशिवाय तुमचं पान हलत नाही, आणि मी इथे राबतेय ती दिसत नाही. बोलायला नको होतं ते बोलले. बाबा म्हणाले, "तडतडे, बस जरा." बसले नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. त्याला सगळं कळलेलं, बाबांनी दुपारीच कळवलं असणार. म्हणतो, "सर्टिफिकेटचं मी बघतो. जानेवारीत येतोय, तेव्हा मीच नेतो त्यांना." बघितलंत? मी सगळं करायचं, आणि शेवटचा शिक्का यानं मारायचा. म्हटलं, काही गरज नाही, शनिवारची वेळ मी घेतलीय. तो म्हणाला, "ऐक ना माझं जरा." आयुष्यभर त्याचंच ऐकलंय सगळ्यांनी. मी नाही ऐकलं.

१० डिसेंबर, बुधवार

बाबांना बूट आणले, हलके, जाड तळव्याचे. त्यांनी ते घालून गॅलरीपर्यंत चक्कर मारली आणि येऊन बसले. "छान आहेत," म्हणाले. नंतर जेवतानाही काढले नाहीत. माझ्याशी मात्र फारसं बोलत नाहीत. मीही नाही. एका घरात दोन मुखस्तंभ.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्या डॉक्टर. बाबा म्हणतात, "मी नाही येत, तूच जा, त्यांच्याकडे माझे कागद आहेत." ठीक आहे. एकटी जाते. सर्टिफिकेट आणते आणि फोटो काढून दादाच्या तोंडावर मारते. त्यानंतर त्याच्याशी सहा महिने बोलायचं नाही. हे लिहून ठेवलं म्हणजे मोडायचं नाही.

बाबांनी तक्त्यावरचे दोन्ही गोल खोडरबरानं पुसलेत. विचारलं नाही का म्हणून. माझ्यावरचाच राग असेल, आणि मलाही त्यांचा तेवढाच आलाय.

१४ डिसेंबर, रविवार

काल डॉक्टर म्हणाले, "मी सप्टेंबरमध्येच सांगितलंय, तुमच्या भावासमोर. विमानातली हवा त्यांच्या फुफ्फुसांना झेपायची नाही. विमानाचं सोडा, पुढचा हिवाळा दिसला तरी पुष्कळ." म्हटलं, मला का नाही कळवलं? "त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, ती माझ्या फुफ्फुसांशीही भांडत बसेल. रविवारी पोरगा आणि मी फोनवरच आफ्रिकेला जाऊन येतो, तेवढं बास आहे."

आज ठरल्या वेळी फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. दादा "मग..." म्हणाला आणि अडला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसले. म्हटलं, मी चौकशी केली, यंदा तिकडे पाऊस लांबलाय. फेब्रुवारीत गवत हवं तसं हिरवं व्हायचं नाही. पुढच्या वर्षी जाऊ.

बाबांनी फोन जरा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी जायचं तर जानेवारीचाही विचार करायला हवा."